गोळीच्या आधीची सही

जानेफळ हे बुलडाणा जिल्ह्यातलं, मेहकर-खामगाव रस्त्यावरचं मोठं गाव. आसपासच्या खेड्यांचा राबता इथे, पोलीस ठाणं इथे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रही इथेच. सोयाबीन-कपाशीच्या हंगामात अशा केंद्राच्या दारात कोण येणार, हे गावातलं कुणीही सांगेल. पायाला काहीतरी चावलं म्हणून मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेला माणूस, फवारणी करताना गरगरलेला मजूर, तापाने फणफणलेलं लेकरू, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेली आजी. डॉक्टर तपासतात, सिस्टर इंजेक्शन देतात, औषध निर्माण अधिकारी खिडकीतून गोळ्या देतात. काही बिघडलं तर बोट या तिघांकडेच जातं. पण ते औषध कित्येक महिन्यांपूर्वी कुणीतरी मागणीपत्रात लिहिलेलं असतं, कुणीतरी त्याचा दर ठरवलेला असतो, कुणीतरी ‘माल मिळाला’ म्हणून सही केलेली असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रुग्णाला चुकीचं, खराब किंवा अपुरं औषध मिळणं हा जगभरचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. त्याच वर्षी तिने सांगितलं की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा औषधांमागे सुमारे एक निकृष्ट किंवा बनावट असतं. या विषयावर आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक डॉक्टरांचं अक्षर, नर्सची घाई आणि रुग्णाचं अज्ञान यांच्याभोवती फिरतं. खरेदीचा विषय निघाला की चर्चा थेट घोटाळ्यावर उडी मारते. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे, म्हणजे प्रामाणिकपणे पण डोळे मिटून केलेली खरेदी, तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. माझ्या मते सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं.

महाराष्ट्राला हे ठाऊक नसावं, असं तरी म्हणता येत नाही. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या 14 रुग्णांचा मृत्यू झाला. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते दिलं जायचं. रुग्णालयात आलेलं ग्लिसरॉल औषधी दर्जाचं नव्हतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं, म्हणजे मूत्रपिंड बंद पाडणारं औद्योगिक रसायन. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालय, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या साऱ्यांचे धागे उकलून दाखवले. अहवालानंतर 1988 मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. राजीनामा लोकांच्या लक्षात राहिला. बाटली आत येताना तिच्यातलं द्रव्य तपासणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली.

आणि मग 2025 चा सप्टेंबर-ऑक्टोबर आला. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर उपचार नागपुरात चालू होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या औषधात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. 39 वर्षांनंतर तेच विष होतं. एवढाच फरक की या वेळी ते सरकारी निविदेतून न येता खासगी दुकानातून आलं होतं. म्हणून हा प्रश्न फक्त सरकारी बाबूंचा नाही. मेहकर किंवा चिखलीतल्या वीस खाटांच्या खासगी दवाखान्यात जो माणूस एजंटाकडून माल घेतो, त्यालाही तो तितकाच लागू आहे.

या दोन घटनांच्या मधलं एक प्रकरण विदर्भातलंच आहे आणि खरेदी करणाऱ्यासाठी ते जास्त बोलकं आहे. 2023 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला. कित्येक महिन्यांनी अहवाल आला, तेव्हा कळलं की गोळीत औषधच नाही. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातूनही अशा गोळ्या जप्त झाल्या. स्ट्रिपवर ज्या कंपनीचं नाव होतं ती अस्तित्वातच नव्हती. 2024 मध्ये पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, त्यानुसार त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात बनावट अझिथ्रोमायसिनचं प्रकरण निघालं. आता विचार करा. बनावट गोळी डोळ्यांनी ओळखता येत नाही हे खरं, पण कंपनी आहे की नाही हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. उत्पादन परवान्याचा क्रमांक घेऊन संबंधित राज्याच्या औषध प्रशासनाला एक पत्र किंवा एक फोन पुरतो. निविदेच्या पाकिटात परवान्याची छायांकित प्रत जोडलेली असते आणि ती आहे एवढंच पाहिलं जातं. ती खरी आहे का, हे पाहणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

राज्याने या सगळ्यावर जो उपाय शोधला तो ‘खरेदी कुणी करायची’ याभोवती फिरत राहिला. आधी खातं, संचालनालय, जिल्हा परिषद अशी ज्याची त्याची खरेदी होती. 2017 मध्ये ती हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकवटली. पुरवठा रखडतो अशी ओरड सुरू झाल्यावर 2023 मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. अधूनमधून स्थानिक खरेदीचे अधिकार वाढतात, आकसतात, परत वाढतात. सही करणारा हात बदलतो. पण कशाची तपासणी झाल्याशिवाय सही करायची नाही, हा प्रश्न दर वेळी मागेच राहतो.

तमिळनाडूचं उदाहरण इतक्यांदा दिलं जातं की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. तरी ते टाळता येत नाही. तिथलं वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 मध्ये उभं राहिलं. एकत्र खरेदीमुळे ते स्वस्त पडतं हे सगळे सांगतात. त्यांची खरी करामत गोदामात आहे. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक टाकून नेमलेल्या प्रयोगशाळांकडे जातात. अहवाल चांगला आला की मगच माल रुग्णालयांना सुटतो. स्ट्रिपवर सरकारी पुरवठ्याची खूण छापलेली असते, म्हणून तो माल बाहेर विकणं अवघड जातं. प्रत्येक रुग्णालयाच्या नावावर ठरलेली रक्कम असते आणि ते आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलतं. डॉ. अनंत फडके आणि जन आरोग्य अभियानातली मंडळी हेच महाराष्ट्रात आणा म्हणून वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. आपल्याकडे मात्र बिलं रखडल्याची तक्रार पुरवठादार सतत करतात. ज्याची बिलं दोन-दोन वर्षं अडकतात तो चांगला उत्पादक पुढच्या निविदेला येत नाही. मग जो येतो तो ते नुकसान कुठून भरून काढणार, याचा अंदाज वाचकाने करावा.

हे झालं मुंबई-चेन्नईच्या पातळीवरचं. जानेफळच्या केंद्रात बसलेला औषध निर्माण अधिकारी निविदा काढत नाही. त्याच्या हातात असतं मागणीपत्र, ई-औषधी या साठ्याच्या संगणकीय प्रणालीवरची नोंद, जिल्हा भांडारातून आलेला माल उतरवून घेणं आणि रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होणारी थोडीफार स्थानिक खरेदी. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. पण बारकाईने पाहिलं तर बरंच काही होतं.

सर्पदंशाचंच घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालणारं प्रतिविष दोन रूपांत मिळतं. द्रव रूपातलं प्रतिविष 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. गोठवून सुकवलेली पावडर त्यामानाने उष्णता सोसते आणि टिकतेही जास्त, पण ती निर्जंतुक पाण्यात हलक्या हाताने विरघळवावी लागते आणि त्यात काही मिनिटं जातात. आता बुलडाण्याचा उन्हाळा आणि वीज जाण्याची सवय लक्षात घ्या. केंद्रातल्या आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या खास फ्रिजमध्ये, लशींशिवाय काही ठेवायचं नाही हा लसीकरणाचा नियम आहे, म्हणजे द्रव प्रतिविषासाठी वेगळा फ्रिज आला. तो नसेल तर मागणीपत्रात ‘सर्पविषरोधी लस’ एवढंच न लिहिता पावडरच पाहिजे, सोबत विरघळवायच्या पाण्याची अँप्युल पाहिजे, असं लिहिणं हे रुग्णाचा जीव वाचवणारं लिखाण आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनलाही हाच न्याय. उन्हात तापलेल्या टेम्पोतून आलेलं ऑक्सिटोसिन दिसायला स्वच्छच असतं. त्याची ताकद गेली आहे हे रक्त थांबत नाही तेव्हाच कळतं. थंडपेटीशिवाय आलेला असा माल परत पाठवण्याचा अधिकार उतरवून घेणाऱ्याला असायला हवा, आणि त्याने तो वापरला तर वरिष्ठांनी त्याच्यामागे उभं राहायला हवं.

इन्शुलिनचं गणित तर पाटीवर मांडून शिकवण्यासारखं आहे. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. 100 युनिटच्या इन्शुलिनसाठी नारिंगी टोपणाची. समजा कुपी 40 ची आली आणि सिरिंजांचा खोका 100 चा. सिस्टरने 20 च्या खुणेपर्यंत भरलं की रुग्णाला प्रत्यक्षात 8 युनिट मिळतात. उलट झालं, 100 ची कुपी आणि 40 ची सिरिंज, तर त्याच खुणेवर 50 युनिट जातात आणि साखर कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. यात सिस्टरची चूक कोणती? खुणेवर बरोबर भरलं ना तिने! चूक त्या दोन वेगळ्या मागणीपत्रांची, जी दोन वेगळ्या टेबलांवरून गेली. औषध एका यादीत आणि सिरिंज ‘साहित्य’ म्हणून दुसऱ्या यादीत. कुपी आणि तिची सिरिंज एकाच ओळीत मागवायची, आणि एका दवाखान्यात एकाच ताकदीचं इन्शुलिन ठेवायचं, याला पैसा लागत नाही.

लहान मुलांच्या पॅरासिटॅमॉलमध्येही हाच धोका आहे. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं. 125 चं सिरप म्हणजे पाच मिलिलिटरला 125, म्हणजे एका मिलिलिटरला फक्त 25. चौपट फरक. त्यात 250 चं सिरपही कपाटात आलं की आईला ‘अर्धा चमचा’ सांगणाऱ्याच्या मनात कोणती बाटली आहे आणि हातात कोणती, याची खात्री कुणी द्यावी? कपाटात जितकी विविधता कमी तितकी चूक कमी. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी स्वस्त जेनेरिक औषधांचा जो उपक्रम चालवला, त्याची चर्चा किमतीमुळे झाली. पण अशा उपक्रमाचा पाया ठरवलेल्या, आटोपशीर औषध यादीचा असतो. यादी आखली की डॉक्टर, नर्स आणि औषध देणारा यांच्या हाताला तीच औषधं सवयीची होतात.

दिसण्यातल्या साम्याचा धडा विदर्भाने 31 जानेवारी 2021 ला घेतला. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या डोसाऐवजी बारा मुलांच्या तोंडात हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं सुदैवाने बरी झाली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई करू नये असं मी म्हणत नाही. पण लसीकरणाच्या टेबलावर सॅनिटायझर कसल्या बाटलीत ठेवलं जाणार, हा प्रश्न कारवाईने सुटत नाही. टेबलावर लशीशेजारी ठेवायचं सॅनिटायझर फक्त पंपाच्या मोठ्या बाटलीतच असेल, एवढी एक अट खरेदीत घातली की तशी चूक करायला जागा उरत नाही. हेच अँप्युलचं. पारदर्शक काचेवर बारीक निळ्या अक्षरांतली नावं, एकाच कंपनीची, एकाच आकाराची. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र अँप्युल ही पातळ न करता शिरेत गेली तर हृदय थांबवते. ती इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्युलसारखी दिसत असेल तर दुसऱ्या कंपनीची मागवावी, मग चार आणे जास्त का पडेनात. ब्रिटनमध्ये 2007 मध्ये इंजेक्शनच्या सुरक्षेबद्दल राष्ट्रीय सूचना निघाली, तिच्यात खरेदी करताना सुरक्षेचाही विचार करण्याचं धोरण होतं. आपल्याकडे तुलनात्मक तक्त्यात दर, कर आणि पुरवठ्याचा कालावधी एवढेच रकाने असतात. ‘शेजारच्या कोणत्या औषधासारखं दिसतं’ असा एक रकाना वाढवायला शासन निर्णय लागत नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरसमोर नमुने ठेवले तर ती दोन मिनिटांत सांगेल की कोणते दोन एका ट्रेमध्ये ठेवायचे नाहीत. खरेदी समितीत डॉक्टर असतात, लेखापाल असतो. रात्रपाळी करणारी सिस्टर तिथे असल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

निविदा बदलली की गोळीचा रंग बदलतो, हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. आजीला रक्तदाबाची गोळी म्हणजे ‘ती पिवळी’. या तिमाहीत दुसऱ्या कंपनीची पांढरी आली. घरी थोड्या पिवळ्या उरलेल्या आहेत. ती दोन्ही घेते, कारण तिच्या लेखी ती दोन औषधं आहेत. किंवा पांढरी डोकेदुखीची समजून बाजूला ठेवते. कंपनी दर वेळी तीच ठेवता येणार नाही, हे मान्य. पण बदल झाला आहे हे भांडाराने केंद्राला आणि केंद्राने आशाताईंना आधी कळवायला हवं. गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालून देतात ते पाकीटही खरेदीच आहे. त्यावर सूर्य, भाकरी आणि चंद्र छापून घेतले, खाली मराठीत औषधाचं नाव आणि कशासाठी हे लिहायला जागा ठेवली, तर काही पैशांत जे काम होतं ते महागड्या भित्तिपत्रकाने होत नाही.

तुटवडा हादेखील सुरक्षेचाच प्रश्न आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर अॅट्रोपिन लागतं. एका अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम. गंभीर रुग्णाला पहिल्या मात्रेलाच तीन ते पाच अँप्युल, आणि उतार पडेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट. म्हणजे एका रुग्णाला तासाभरात कित्येक डझन. आता मागणीपत्र कसं बनतं ते पाहा. गेल्या वर्षी किती खपलं, त्यात दहा टक्के वाढ. गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच साठा संपला असेल तर खप कमीच दिसणार, म्हणून यंदाची मागणीही कमी, म्हणून यंदाही ऑगस्टमध्येच संपणार. हे चक्र तोडायचं तर खपाच्या शेजारी ‘किती दिवस शिल्लक शून्य होती’ हे लिहावं लागतं. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे चांगलंच झालं. पण मोफत उपचारालाही कपाटात औषध असावं लागतं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि औषधटंचाईचा आरोप झाला. सरकारने तो नाकारला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोप-प्रत्यारोपात मला रस नाही. पण ज्या औषधाची चिठ्ठी घेऊन नातेवाईक रात्री बाहेर पळतो, त्या औषधाची कंपनी, बॅच, साठवण यांवर रुग्णालयाचा कसलाही ताबा राहत नाही, एवढं तरी निर्विवाद आहे.

शेवटी बॅचचा माग. कर्नाटकात 2024 मध्ये बल्लारीला बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि संशय रिंगर लॅक्टेट सलाइनवर गेला. तिथे त्या पुरवठादाराला काळ्या यादीत टाकलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याच पुरवठादाराच्या सलाइनवरून पश्चिम बंगालच्या मेदिनीपूरमध्ये गदारोळ झाला. एका राज्याची काळी यादी दुसऱ्या राज्यात वेळेत कामाला येत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी बॅच क्रमांकांसह जाहीर करते. ती उघडून आपल्या साठ्याशी ताडून पाहायला अर्धा तास लागतो. ई-औषधीमुळे कोणती बॅच कोणत्या केंद्रात गेली हे सापडतं. तिथून पुढे, कोणत्या रुग्णाला गेली, हे सांगणारी नोंद ओपीडीच्या खिडकीत सहसा नसते. निदान इंजेक्शनं आणि सलाइनपुरता बॅच क्रमांक केसपेपरवर लिहिण्याची शिस्त लावता येईल. 1 ऑगस्ट 2023 पासून सर्वाधिक खपाच्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. खासगी दवाखान्यांनी माल घेताना तो स्कॅन करायला काहीच हरकत नाही.

बुलडाण्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नव्या संस्थेची औषध यादी, खरेदी समिती आणि भांडार हे जुन्या सवयींच्या ओझ्याविना उभं करता येतं, आणि जिल्ह्यातल्या जानेफळ-डोणगावसारख्या केंद्रांना तिथून धडे मिळू शकतात. तोवर वाचणाऱ्यांपैकी जे कुणी रुग्ण कल्याण समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीच्या विषयांआधी औषधांचा साठा, शून्य शिल्लक राहिलेले दिवस आणि परत पाठवलेला माल यांची नोंदवही मागवून पाहावी. आणि एखादं औषध घेतल्यावर काही विपरीत झालं तर स्ट्रिप किंवा बाटली फेकू नका. ती घेऊन केंद्रात जा, किंवा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवा.